सात ट्रे

तिसऱ्या ट्रेमधली कात्री उचलून मी खिडकीपाशी नेली आणि दांडीवरची बारीक तांबडी अक्षरं वाचली. ‘बोरजाई.’

"डॉक्टर, हे आरोग्य केंद्र कुठलं?" मी विचारलं.

डॉ. उबाळे जेमतेम सत्तावीस वर्षांचे. नोकरीला लागून दीड वर्षही झालं नव्हतं. त्यांनी घाम पुसला. "डोंगरपिंपळी, मॅडम."

"मग ही कात्री बोरजाईची कशी?"

ते बनसोडे सिस्टरांकडे बघायला लागले. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला मागून काळी दोरी. सात महिन्यांनी रिटायर होणार होत्या.

"दोन दिवसांसाठी मागून आणलीय, मॅडम," त्या म्हणाल्या. "आमच्या कात्रीची धार गेली. नवीन मागितलीय, आली नाही अजून."

खरं सांगितलं त्यांनी. मला मात्र आनंद झाला, तो चोरी सापडल्याचा. तो आनंद आजही आठवतो, आणि आठवला की मान खाली जाते.

सरकारी दवाखान्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र देण्याची मोहीम तेव्हा जोरात होती. मी बावीस वर्षं प्रसूतिगृहात काढून पुढे नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागले होते. तिथून मला तपासणीसाठी पाठवत. एका केंद्राला दोन दिवस. हातात जाडजूड तपासणी यादी. प्रत्येक मुद्द्याला दोन, एक किंवा शून्य गुण. शेकडा सत्तर मिळाले की केंद्र पास. मुली मला माझ्यामागे ‘टाचणी’ म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं. खरं म्हणजे आवडायचंही. रजिस्टरमध्ये महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्या असतील तर मी त्या पान उलटतानाच ओळखायची. केंद्रवाले माझ्या नावानेच गार पडत.

डोंगरपिंपळी मी सकाळपासून पिंजून काढलं होतं. दारात रांगोळी, ‘सुस्वागतम’, आम्हाला गुलाबाचं एकेक फूल. माझ्या जोडीला आलेले डॉक्टर औषधांचं भांडार बघत होते आणि मी वॉर्ड बघितला. वॉर्डात कोऱ्या चादरींवर दोन पेशंट झोपवले होते. त्यातल्या एका बाईला मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" तर ती उबाळेंना म्हणाली, "काय सांगू हो?" शिपायाची मावशी निघाली ती. मी हसले नाही. यादीत टिपून घेतलं.

पण रजिस्टरं खरी होती. मी शोधून शोधून दमले. कुठे पेन बदललेलं, कुठे घाईत लिहिलेलं, एका पानावर तर चहाचा डाग. चूक झालेल्या ठिकाणी एकच आडवी रेघ, वर दुरुस्ती, शेजारी छोटी सही. म.बनसोडे.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"तुम्हीच, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं जिल्ह्याला. तुम्ही म्हणाला होता, खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चूक झाली तर ती दिसली पाहिजे."

मला ते ट्रेनिंग आठवत नव्हतं. "बरं," म्हटलं आणि पान उलटलं.

तर एक वाजता आम्ही प्रसूतिगृहात आलो. प्रसूतिगृहात सात ट्रे मांडलेले असावे लागतात. एकात प्रसूतीचं साहित्य, एकात बाळाचं, एकात तातडीची औषधं, असे सात. कशात काय आणि किती, याची यादी ठरलेली. सिस्टरांनी ते तीन दिवस खपून मांडले होते. हिरवी फडकी, त्यावर चकचकीत ट्रे, प्रत्येकावर आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. टेबलावर कोरी चादर. आत उकडत होतं म्हणून मीच दार उघडं ठेवायला सांगितलं. समोर व्हरांड्यात भिंतीला लागून एक लाकडी बाक होता.

मी कात्री हातात धरून उभी होते, तेवढ्यात दारात गावातली आशा कार्यकर्ती आली. मंगल तिचं नाव. तिच्यामागे एक म्हातारी, आणि म्हातारीच्या खांद्यावर भार टाकून वाकत चालणारी एक पोर. हिरव्या गाउनवर ओढणी घेतलेली.

"सिस्टर, कोळेकरांची सारिका," मंगल म्हणाली. "कळा येतायत."

सिस्टर लगबगीने पुढे झाल्या. मग मध्येच थांबल्या, वळल्या आणि त्यांनी मला विचारलं, "मॅडम, घेऊ का आत?"

मी यादीवरून मान वर केली. "कितवी खेप?"

"दुसरी."

"कळा कधीपासून?"

"पहाटंपासनं हायत," म्हातारी दारातून बोलली. ती बाळाबाई, पोरीची सासू. "आता लई जोरात यायल्यात, बाई."

"पाणी गेलंय?"

"नाही अजून," मंगल म्हणाली.

"मग पाच मिनिटं बसू दे बाहेर," मी म्हटलं. "एवढे ट्रे मोजून होऊ देत. एकदा हात लागला की सगळं परत मांडावं लागेल."

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नंतर बाहेर जाऊन सारिकाला बाकावर बसवलं, कुशीवर व्हायला सांगितलं, पाठीवरून हात फिरवला आणि परत येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला घड्याळावर भरवसा ठेवू नका, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणायची. पहिलीला बारा तास लागतील, दुसरी तुम्हाला हातमोजे घालायला उसंत देणार नाही. मुली ते वहीत लिहून घ्यायच्या.

पण माझ्या हातात बोरजाईची कात्री होती. एक उसनी वस्तू सापडली म्हणजे आणखी असणार. मी दोन चिमटे उचलले. एकावर काहीच नव्हतं, दुसऱ्यावर तांबड्या रंगाचा ओरखडा.

"हा पण बोरजाईचा का?"

"नाही मॅडम, तो आपलाच," उबाळे म्हणाले.

"साठ्याचं रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. मी नोंदी लावून बघायला लागले. चिमटे किती आले, किती मोडीत निघाले, आज किती आहेत. आकडा एकाने चुकत होता. मी उबाळेंना उभं करून विचारत राहिले.

बाहेरून कण्हण्याचा आवाज आला. दीर्घ, दाबलेला. बाईमाणूस तोंडात पदर घालून कण्हतं तसा.

"मॅडम, पेशंट..." उबाळे म्हणाले.

"डॉक्टर, विषय बदलू नका. एक चिमटा कुठे गेला?"

सिस्टर मध्ये बाहेर जाऊन आल्या. बाकापाशी मंगलला चादर धरायला लावून त्यांनी तपासलं असणार. आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. "मॅडम, आठ सेंटिमीटर झालंय. घेते आत."

गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडलं म्हणजे पूर्ण. आठ म्हणजे किती थोडं राहिलं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"हो हो, घ्या," मी म्हटलं. "हा एवढा तिसरा ट्रे पुरा होऊ दे. दोन मिनिटं."

सिस्टर उभ्या राहिल्या. मला त्यांचे हात दिसत होते. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी चिमटे परत मोजले. हरवलेला चिमटा मला पाचव्या ट्रेमध्ये, फडक्याखाली सापडला. आकडा जुळला. खरं म्हणजे मला किंचित वाईटच वाटलं की तो सापडला.

मग बाळाबाई ओरडली.

"शिष्टर! अवो शिष्टर, डोकं आलं!"

मी दारात पोचेपर्यंत सिस्टर केव्हाच पोचल्या होत्या. सारिका बाकावरून उठून वॉर्डाकडे निघाली असावी, कारण ती बाकापासून चार पावलांवर, फरशीवर होती. तिच्या पायाखाली सकाळची रांगोळी फिसकटली होती. ओपीडीच्या रांगेतली माणसं तोंड फिरवून उभी होती, काही फिरवत नव्हती. मंगलने आणि आणखी कुणी तरी चादर ताणून धरली. आणि सिस्टर त्या फरशीवर, इस्त्रीच्या साडीसकट, गुडघे टेकून बसल्या होत्या.

"पेटी," त्या म्हणाल्या. "माझी पेटी आण, मंगल. कपाटाखाली."

स्टीलची जुनी पेटी आली. आत उकळून फडक्यात बांधलेलं सामान, नवी ब्लेड, धागा, हातमोजे. मंगलने वॉर्डातल्या फ्रीजमधून रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन पळत आणलं. मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. सिस्टर तिची पाठ चोळत होत्या, चोळत होत्या. बाळाबाई म्हणत होती, "रड गं माय, रड गं माय." मग ती रडली.

आणि मी? मी शेकडो बाळंतपणं केलेली बाई. मी दारात उभी होते. छातीशी तपासणी यादी धरलेली आणि हातात पेन. मी गुडघे टेकले नाहीत. चादरीचं टोकसुद्धा धरलं नाही.

सारिकाला रक्त जास्त गेलं. सिस्टर पोट चोळत राहिल्या, पण तेवढ्यावर भागेना. अर्ध्या तासात रुग्णवाहिकेतून तिला आणि बाळाला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं. सिस्टर बरोबर जायला निघाल्या तर उबाळे म्हणाले, "सिस्टर, तपासणी राहिलीय, मंगलला पाठवू." मंगल गेली. शिपायाने फरशी धुतली.

सिस्टर बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होत्या. मला काही तरी बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, "आत सगळं तयार असताना प्रसूतीचा ट्रे का नाही मागवला बाहेर?"

त्यांनी नळ बंद केला. "तुमची मोजणी राहिली होती ना, मॅडम."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला राग आला असता आणि मी सुटले असते.

मी आत जाऊन उरलेले ट्रे मोजले. एकालाही कुणाचा हात लागला नव्हता. यादीबरहुकूम सगळं बरोबर होतं. मी दोन गुण दिले. पुढच्या पानावर मुद्दा होता, प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीला विनाविलंब आत घेतलं जातं का. शून्य दिलं तर शेजारी कारण लिहावं लागतं. मी तिथेही दोन दिले.

दुसऱ्या दिवशी समारोपाची बैठक. जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते. त्यांच्या कानावर गेलं होतंच, कारण बाळाबाईच्या दिराने पंचायत समितीच्या माणसाला फोन केला होता.

"प्रसूतिगृह रिकामं असताना बाई व्हरांड्यात बाळंत होते?" साहेब म्हणाले. "तपासणीच्या दिवशी? ड्यूटीवर कोण होतं?"

उबाळेंनी मान खाली घातली. सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखाद्या क्षणापुरतं. मी तेवढ्यात समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. मला तहान नव्हती.

"माझा अंदाज चुकला, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर?"

"चुकला, साहेब."

त्या खाली बसल्या. मला कळत होतं त्या असं का म्हणाल्या. सगळ्या केंद्राने तीन महिने राबून ते सगळं उभं केलं होतं, आणि त्याचे गुण माझ्या पेनात होते. तपासणीसाच्या तोंडावर ‘यांनी थांबवलं’ म्हणायची कुणाची छाती होती? मला हे तेव्हाच कळलं, त्याच खुर्चीत. नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

केंद्र पास झालं. एक्क्याऐंशी गुण. प्रमाणपत्राच्या फोटोत उबाळे हसतायत असं मी नंतर पाहिलं. सिस्टर त्यात नव्हत्या.

महिन्याने मला पत्र आलं. तक्रारीची चौकशी सुरू झाली होती. घटनेच्या वेळी आपण उपस्थित होतात, तरी अभिप्राय कळवावा. माझ्यासमोर कोरा कागद होता आणि घरात कुणी नव्हतं. मी लिहिलं, ‘सदर वेळी मी प्रसूतिगृहातील साहित्याची तपासणी करीत होते. रुग्णास दाखल करून घेण्याचा निर्णय केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या अखत्यारीत येतो.’

दोन वाक्यं. दोन्ही खरी. कुणी ताडून बघितलं असतं तरी एक शब्द खोटा निघाला नसता. दुसऱ्या कुणाच्या रजिस्टरमध्ये असं लिहिलेलं दिसलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे पकडलं असतं.

सिस्टरांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली आणि शेवटच्या पाच महिन्यांसाठी त्यांची बदली झाली, चाळीस किलोमीटरवरच्या उपकेंद्रात. हे मला उबाळेंनी एका प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत सांगितलं. "डोंगरपिंपळीत निरोपसमारंभ करायचा होता आम्हाला, मॅडम. पण त्या आल्या नाहीत." मी ताटात भात वाढून घेतला. "हो का?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी तपासणीला गेले, नाही असं नाही. चार वर्षं गेले. पण ट्रे मोजायला लागले की आकडा चुकायचा. परत पहिल्यापासून. बरोबरचे लोक समजायचे की मॅडम फारच काटेकोर.

रिटायर झाल्यावर वेळच वेळ झाला. दुपारी पडलं की तो पाण्याचा ग्लास आठवायचा. शेवटी गेल्या वर्षी मी एक पत्र लिहिलं. त्या दिवशी काय झालं, मी काय म्हणाले, बनसोडे सिस्टरांचा दोष नव्हता. खाली नाव, तारीख, सही. आणि ते घेऊन डोंगरपिंपळीला गेले. घटनेला आठ वर्षं झाली होती.

सिस्टर तिथेच राहतात. नवरा मागेच गेला, मुलगा पुण्याला. केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून दोन खोल्यांचं घर, दारात तुळस आणि गवती चहा. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"वाघचौरे मॅडम?"

"ओळखलंत?"

"तुम्हाला कोण नाही ओळखणार?" त्या हसल्या. "बसा. चहा टाकते. गूळ चालतो ना?"

चहा होईपर्यंत मी पत्र पर्समधून काढलं, परत ठेवलं, परत काढलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मी कागद पुढे केला. बोलायचं सगळं पाठ करून गेले होते, तरी.

सिस्टरांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. मग बोट एका ओळीवर ठेवलं.

"हे चुकलंय, मॅडम."

"काय?"

"‘पाच मिनिटं थांबवायला सांगितलं’ असं लिहिलंय तुम्ही."

"तसंच म्हणाले होते मी."

"म्हणाला होता. पण थांबली किती?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "एक वाजून दहाला आली ती. दोनला पाच कमी असताना बाळ झालं. भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं मी. पंचेचाळीस मिनिटं."

कबुली द्यायला आले होते, आणि कबुलीतही मी चाळीस मिनिटं खाल्ली होती. मुद्दाम नाही. माझ्या डोक्यात खरोखर पाच मिनिटंच उरली होती. आठ वर्षांत मी ती इतकी घासून ठेवली होती.

सिस्टरांनी खिडकीतल्या डब्यातून पेन काढून दिलं. "खोडू नका. एक रेघ मारा, वर लिहा, शेजारी सही करा."

मी रेघ मारली. वर ‘पंचेचाळीस’ लिहिलं. सही केली. माझं पत्र निळ्या शाईत होतं आणि त्यांचं पेन काळं.

"माझी चूक काहीच नव्हती असं लिहिलंय, ते पण बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमची परवानगी मागितली. सगळ्या नोकरीत बाळंतिणीला आत घ्यायला मी कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती. त्याच दिवशी मागितली. का मागितली, हे मी पण खूप वेळा विचारते स्वतःला. ट्रे छान मांडले होते ना. मोडवेनात."

"सिस्टर, हा कागद तुमच्याकडे ठेवा. मी जिल्ह्यालाही पाठवते. तुमच्या सेवापुस्तकात..."

"मला आता काय करायचंय त्याचं?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "फरशीवर मी नव्हते पडले, मॅडम. सारिकाला वाचून दाखवा. समोरच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी."

मला लाज कशाची वाटत आली होती इतकी वर्षं? सिस्टरांची. त्यांच्या बदलीची, त्यांच्या ताकिदीची, त्या एका नजरेची. सारिका माझ्या हिशेबातच नव्हती. तिचं नाव मंगलने माझ्यासमोर घेतलं होतं, आणि माझ्या पत्रात ती नुसतीच ‘एक रुग्ण’ होती.

"तुम्ही येता बरोबर?" मी विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी माझं सांगून आलेय तिला. तेव्हाच."

गिरणी सुरू होती. शेजारच्या घराचं दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत एक बाई शेंगा फोडत बसली होती आणि तिच्याजवळ दोन वेण्या घातलेली मुलगी पाटीवर काही तरी गिरवत होती. मी दाराबाहेर उभी राहिले. काय म्हणून हाक मारावी, सुचेना. गिरणीच्या आवाजात माझी चाहूल त्यांना लागली नाही, आणि मला ते बरंच वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग मुलीने मान वर केली आणि आईला कोपराने ढोसलं.

सारिकाने माझ्याकडे बघितलं. चेहरा, पांढरे केस, हातातला कागद.

"तुमी त्या मोजनाऱ्या बाई न्हवं?" ती म्हणाली.

"तुम्ही मला कसं ओळखलंत? तुम्ही तर तेव्हा..."

"दार उघडंच हुतं की," ती म्हणाली. "बाकावर पडल्या पडल्या तुमच्याकडंच बघत हुते मी. म्हनलं, आता मोजून झालं आसंल. आता हाक मारतील."

तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि शेंगांची टरफलं एका बाजूला सारून बसायला जागा केली.

"आत या की, बाई," ती म्हणाली. "भाईर किती येळ उभं ऱ्हायचं?"

मी उंबऱ्याशी चपला काढल्या. चौकटीला धरून आत गेले. मुलीने पाटी उचलून मला जागा दिली. मी खाली फरशीवर बसले, घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली. ‘पंचेचाळीस’ या शब्दाशी आले तेव्हा सारिकाने मान हलवली.